खोली रिकामी आहे

गतवर्षीच्या श्रावणातील गोष्ट. शाळा सुटली होती, मुले घरोघरी पांगली होती आणि आम्ही कचेरीत हजेरीपत्रके आवरीत बसलो होतो. बाहेर जोयड्याचा पाऊस. आमच्या तालुक्यातील पावसाचे वर्णन वाचकांस निराळे करून सांगावयास नको. एकदा लागला की समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. इतक्यात दारात छत्री मिटवून एक तरुणी उभी राहिली. भिजलेल्या चपला तिने पायरीखाली काढून ठेवल्या आणि विचारले, "गुरुजी, ओळखलंत का?"

आवाजावरून ओळखले. बारा-तेरा वर्षांपूर्वी ती आमच्या वर्गात होती. सिद्दींच्या एका वाड्यावरून रोज पाऊण तास चालत यायची. वाटेत एक ओढा. पाणी चढले की पलीकडेच उभी राहायची आणि उतरले की उशिरा का होईना पण यायचीच. त्या वाड्यावरून सातवी पुरी करणारी ती पहिली मुलगी. पुढे सरकारी वसतिगृहात राहून शिकली, परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि आता जवळच्या शहरातील एका खासगी रुग्णालयात तिला नोकरी लागली होती. आम्हांस कोण आनंद झाला! चहा मागविला. परंतु तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना.

"नोकरी मिळाली गुरुजी, पण खोली मिळेना."

तिने सांगितलेली हकिकत थोडक्यात अशी. फलकावरील क्रमांकावर दूरध्वनी केला की खोली रिकामी असे. ती अस्खलित कन्नड बोलते, मराठीही चांगले बोलते. भाडे ठरे, वेळ ठरे. प्रत्यक्ष दारात गेली की खोली नुकतीच कोणाला तरी दिलेली असे. असे तीन ठिकाणी झाले. चौथ्या ठिकाणच्या गृहस्थांनी तिला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "कुठल्या देशाची?" ती म्हणाली, "इथलीच, जोयडा तालुक्यातली." त्यांचा विश्वास बसेना. आधार कार्ड दाखविले तेव्हा ते म्हणाले, "कार्ड ठीक आहे हो, पण शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"गुरुजी, तुमची त्या गावात ओळख आहे. दोन ओळींची चिठ्ठी दिलीत तर..."

आम्ही चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीचे पुढे काय झाले ते लेखाच्या शेवटी सांगू. कारण त्यात आमच्याही पदरी काही बांधले गेले आहे, आणि ते सांगण्यापूर्वी मनाची थोडी तयारी करावी लागणार आहे.

हे लोक कोण?

मराठी माणसास सिद्दी हा शब्द नवा नाही. जंजिऱ्याचा सिद्दी, पन्हाळ्यास वेढा घालणारा सिद्दी जौहर ही नावे आपण शाळेत पाठ केली आहेत. त्याच पन्हाळ्याच्या प्रसंगी सिद्दी हिलाल हा महाराजांच्या बाजूने लढला, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा मूळचा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष पुढे दख्खनचा कारभारी झाला. खडकी हे नगर त्याने वसविले, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथील पाण्याचे नहर आणि त्याची जमीनमहसुलाची पद्धत यांची वाखाणणी आजही इतिहासकार करतात. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच पक्षाला होते. १६२६ मध्ये तो वारला.

आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचे पूर्वज मात्र बहुतांशी वजिरीच्या वाटेने आले नाहीत. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिककडून, गुलाम आणून गोव्यात विकले. सोळाव्या शतकापासून पुढे तीन शतके हा व्यापार कमीअधिक चालू होता. त्यांतील कित्येक जण संधी साधून घाट चढून आमच्या रानांत शिरले. इतर काही दख्खनच्या सुलतानांच्या फौजांतून पांगून आले असावेत. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, शिरसी आणि आमचा जोयडा या तालुक्यांच्या जंगलांत त्यांच्या वस्त्या आहेत. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. घरची बोली मराठी आणि कन्नड शब्दांनी मिसळलेली कोंकणी. आफ्रिकेतील एकही भाषा आज त्यांच्या मुखी नाही. चारशे वर्षांत त्यांनी आपली भाषा, आपला पेहराव, आपले देव, सारे काही दिले आणि इथले घेतले. राहिला तो केवळ चेहरा आणि केस. आणि नेमक्या त्याच दोन गोष्टींवरून त्यांना आजही विचारले जाते, "कुठल्या देशाचे?"

एका गोष्टीचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना धावपटू म्हणून तयार करण्याची योजना काढली. आफ्रिकेचे रक्त म्हणजे वेग, असा हिशेब. काहींनी पदके मिळविली. थोड्या वर्षांत योजना आटोपली आणि बरीच मुले परत रानाच्या वाटेला लागली. या लोकांच्या पायांचे कौतुक करावयास आपण तयार होतो. त्यांच्या पायांखाली हक्काची जमीन आहे की नाही, हे विचारावयास मात्र बराच काळ गेला.

वाड्याची वाट

वाडा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सरदाराचा वाडा आणि दुसरा गावापासून तुटलेला चार-दहा घरांचा वाडा. सिद्दींचा वाडा या दुसऱ्या प्रकारचा. गावात देऊळ, दुकान, रेशनची जागा, बस थांबण्याचे ठिकाण. आणि वाडा तेथून दोन-चार मैल आत. प्रथम ही दूरता सुरक्षिततेसाठी असेल. पळून आलेल्यास दाट रान हेच घर. परंतु पुढे पळण्याचे कारण उरले नाही तरी दूरता उरलीच. गावकऱ्याच्या सुपारीच्या बागेत वा शेतात सिद्दी राबे, अंगणात बसून जेवे, आणि रात्री वाड्यावर परते. कर्जाच्या फेडीपोटी वर्षानुवर्षे एकाच घरी राबणेही होतेच. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. १९७४ मध्ये कर्नाटकात कुळकायद्यात मोठी सुधारणा झाली आणि अनेक कुळे जमिनीची मालक झाली. परंतु कूळ म्हणून नाव लागण्यास कागद लागतो, आणि कागद करण्यास वाचता यावे लागते. ज्याचे नाव कोठेच नोंदले गेले नव्हते, त्याच्यापर्यंत तो कायदा कसा पोहोचावा?

आमचा असा अनुभव आहे की, दारिद्र्य आणि दूरता या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत. दूर राहणाऱ्यास दवाखाना उशिरा मिळतो, म्हणून आजार वाढतो. आजार वाढला की कर्ज होते, आणि कर्ज झाले की मुलगा शाळा सोडून बागेत कामास जातो. शाळेच्या पटावर आम्ही "सतत गैरहजर" असा शेरा मारतो. शाईने लिहिलेल्या त्या दोन शब्दांमागे ओढा आहे, ताप आहे, सावकार आहे, हे तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास कोठून कळणार? आम्हांस स्वतःसही ते पहिल्यांदा वाड्यापर्यंत चालत गेल्यावर कळले. नोकरीस लागून तेव्हा सहा वर्षे झाली होती, हे कबूल करावयास लाज वाटते.

त्या दिवशी त्या मुलीची आजी ओसरीवर वाकळ शिवीत बसली होती. सिद्दी बायकांची ही वाकळ, तिला ते कवंदी म्हणतात, जुन्या लुगड्यांच्या आणि सदऱ्यांच्या तुकड्यांची असते. कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने आत आत शिवत जातात. चार कोपऱ्यांवर लहान घड्यांची फुले बसविल्याखेरीज ती पुरी झाली असे मानीत नाहीत. आम्ही विचारले, "इतके कपडे कोठले?" म्हातारी हसून म्हणाली, "तुमच्याच गावचे, गुरुजी." जुने कपडे गावातून वाड्यावर जात होते, वाड्यावरचे माणूस मात्र गावात राहावयास येऊ शकत नव्हते.

२००३ साली उत्तर कन्नडमधील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. पुढे २०२० मध्ये बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींनाही तो दर्जा मिळाला. त्याच वर्षी शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. त्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातींच्या लोकांना हक्क मागता येतो. जमातींच्या यादीत नसलेल्यांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. आमच्या जोयड्यातील कुणबी बांधव आजही याच अडचणीत आहेत. घाटाखाली गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप २००३ मध्येच यादीत आले; घाटावर जोयड्यातील कुणबी अजून मागणीच करीत आहेत. सरहद्दीच्या एका रेघेने एकाच तऱ्हेच्या माणसांचे नशीब कसे पालटते, हे आम्हा सीमाभागातील मराठी माणसांइतके कोण जाणणार?

दूरदेशीचे उदाहरण

वंशावरून माणसांस वेगळे बसविण्याचा विषय निघाला की प्रथम अमेरिकेचे नाव येते. तेथे ही गोष्ट नुसत्या रूढीवर सोडलेली नव्हती. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरोशहरी नकाशे करवून घेतले. चांगल्या वस्त्यांना हिरवा रंग, त्याखालोखाल निळा, मग पिवळा, आणि सर्वांत धोक्याच्या ठरविलेल्या वस्त्यांना तांबडा. जेथे काळे लोक राहत त्या वस्त्या बहुधा तांबड्या रंगात जात. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण प्रशासनानेही हाच मार्ग धरला. परिणाम असा की गोऱ्या कुटुंबास हप्त्यावर घर मिळे आणि काळ्यास ते मिळत नसे. घर हीच मध्यमवर्गाची मुख्य मालमत्ता. तिच्या आधारे मुलांचे शिक्षण होते, अडीअडचण निभावते. तेथील शाळांचा खर्चही बऱ्याच अंशी स्थानिक घरपट्टीतून भागतो. म्हणजे वस्ती गरीब तर शाळा गरीब, आणि शाळा गरीब तर पुढली पिढी गरीब. घरांच्या विक्रीखतातच "काळ्यांस विकू नये" अशी अट घालीत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत असा निर्णय दिला. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात घरांच्या बाबतीत वंशभेदास बंदी करणारा कायदा झाला. कायदा होऊन अर्धशतक लोटले, तरी तांबड्या रंगाच्या त्या वस्त्यांपैकी कित्येक आजही गरीबच आहेत. नकाशावरील रंग पुसता येतो, त्याचा परिणाम पिढ्यान्पिढ्या पुसत नाही.

दक्षिण आफ्रिकेत तर १९५० च्या कायद्याने कोणत्या वंशाच्या माणसाने कोठे राहावे हे सरकारच ठरवू लागले. केप टाउनमधील 'डिस्ट्रिक्ट सिक्स' हा गजबजलेला भाग १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव ठरला; साठ हजारांहून अधिक माणसे उचलून शहराबाहेरील उजाड सपाटीवर टाकण्यात आली. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला.

आपल्याकडे असा नकाशा कोणी काढला नाही, असे म्हणून सुस्कारा टाकावयास आम्ही तयार नाही. आपला नकाशा गावकुसाने काढलेला होता. १९१७ साली परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव पालटून एका पारशी विश्रामगृहात उतरले, तर काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी शहरात त्यांना कोणीच थारा दिला नाही आणि ते कामाठी बागेत बसून राहिले. पदवी होती, नोकरी होती, पगार होता; नव्हती ती खोली. आमच्या विद्यार्थिनीची हकिकत ऐकताना आम्हांस हाच प्रसंग आठवला. मधे शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत.

आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात वंश, जात, धर्म यांवरून भेद करण्यास मनाई आहे. दुकाने, खानावळी, विहिरी सर्वांस खुल्या आहेत. परंतु वंश पाहून खोली नाकारणाऱ्या खासगी घरमालकास अडवील, असा अमेरिकेतल्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ईशान्येकडील विद्यार्थ्यांना राजधानीत काय सोसावे लागते याचा विचार करण्यासाठी २०१४ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. फलकावर कोणी काही लिहीत नाही. फलकावर एवढेच असते : खोली रिकामी आहे.

शहरातील वाडा

मग सिद्दी मनुष्य शहरात जातो तेव्हा राहतो कोठे? आम्ही हे मुद्दाम जाऊन पाहिले. नाल्याच्या काठी, पत्र्याच्या खोल्यांची ओळ. आठ-दहा सिद्दी कुटुंबे, काही परप्रांतीय मजूर. एकाला जागा मिळाली की तो दुसऱ्यास आणतो, कारण दुसरीकडे कोणी घेत नाही. अशा रीतीने रानातील वाडा जसाच्या तसा शहरात येऊन बसतो.

तेथील हिशेब ऐकून आम्ही चकित झालो. चांगल्या आळीतील पक्क्या खोलीपेक्षा येथील भाडे फारसे कमी नाही. ज्यास दुसरे दार उघडे नाही त्याच्याकडून मालक वाटेल ते घेऊ शकतो. अनामत रक्कम सावकाराकडून आणलेली. भाडेचिठ्ठी नाही, भाडेचिठ्ठी नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड गावाकडचेच. नळ एक, तोही ठराविक वेळी. रात्रपाळीहून येणाऱ्या बाईला शेवटचा मैल अंधारातून चालावा लागतो. शहरात आल्याने मजुरी वाढते हे खरे. परंतु वेगळे राहावे लागण्याची किंमत त्या मजुरीतूनच वळती होते.

चिठ्ठीचे पुढे काय झाले

आता मूळ गोष्टीकडे वळू. आमची चिठ्ठी ज्या स्नेह्यांच्या नावे होती, त्यांनी मुलीस आदराने बसविले, चहा दिला आणि खोली कालच गेली असे सांगितले. आठ दिवसांनी आम्ही त्या रस्त्याने गेलो, तो फलक तसाच. आम्ही मनातल्या मनात त्यांस बरेच बोल लाविले. घरी येऊन तावातावाने सगळे सांगितले. जेवणे झाल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "आपल्या मागच्या खोल्यांचं काय?"

वाचकहो, त्याच शहरात आमचेही एक लहानसे घर आहे. मुलाच्या शिक्षणासाठी बांधलेले. मागील अंगास दोन खोल्या भाड्याने देतो आणि त्यांतील एक त्या वेळी रिकामी होती. सर्व जगाचा विचार करताना ही गोष्ट आम्हांस सुचली नव्हती, असे लिहिले तर ते खोटे होईल. सुचली होती. परंतु आमच्या वयोवृद्ध मातोश्री तेथे राहतात, पुढील खोलीतील भाडेकरू जुने आहेत, शेजार सनातनी आहे, अशी कारणे आम्ही स्वतःस देऊन ठेविली होती. म्हणजे त्या चौथ्या गृहस्थांचेच वाक्य, केवळ शुद्ध मराठीत.

यात विशेष बोचणारी गोष्ट अशी की, आमचे स्वतःचे घराणे उठवलेले आहे. आमचे मूळ गाव सुपा. काळी नदीवरील धरणामुळे १९८० च्या दशकात सुपा पाण्याखाली गेले आणि आम्ही रामनगरास आलो. पुढे शिक्षणासाठी बेळगावास गेलो तेव्हा परक्या शहरात पहिल्याच दिवशी आम्हांस खोली मिळाली. घरमालकांनी आडनाव विचारले, गाव विचारले, दोन पिढ्यांचे नाते काढले आणि किल्ली हातात दिली. त्या काळी आम्ही ते आपल्या सौजन्याचे फळ समजलो. आज कळते की ती किल्ली आमच्या आडनावास आणि चेहऱ्यास मिळाली होती.

तीन आठवडे आम्ही घालविले. शेवटी मातोश्रींस सांगावयास गेलो. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "सुपा बुडालं तेव्हा आपल्यालाही सगळेच 'धरणाचे लोक' म्हणत होते. तू लहान होतास, विसरलास. दे तिला खोली." ज्यांच्या नावावर आम्ही आमचे भय खपवीत होतो, त्यांना ते भय नव्हतेच.

आम्ही त्याच दिवशी तिला भेटावयास नाल्याकाठी गेलो. तिने पत्र्याच्या खोलीत बसावयास जागा करून दिली. सर्व ऐकून ती म्हणाली, "गुरुजी, राग नाही. पण इथं भाडं भरलंय, आणि आता शेजारच्या पोरांना संध्याकाळी शिकवते. त्यांना सोडून कशी येऊ? मागच्या महिन्यात बोलला असतात तर आले असते." आवाजात उपरोध नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला.

आमच्या त्या खोलीत आज तिच्याच वाड्यावरचा एक मुलगा राहतो, महाविद्यालयात शिकतो. शेजाऱ्यांपैकी दोघे प्रथम कुरकुरले. मातोश्रींचे रक्त तपासण्यासाठी दवाखान्यात नेण्याचे काम तो करू लागल्यावर त्यांतील एक जण त्याच्याकडून आपल्या नातवाचे गणित करून घेऊ लागला. दुसऱ्यांचा अबोला अद्याप आहे. सर्व काही गोड झाले असे आम्ही म्हणत नाही.

आपला समाज पिढ्यान्पिढ्या या परक्या मुलखात राहिला, रुजला, घरेदारे बांधून बसला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मागील अंगास एखादी खोली आहे आणि दारावर फलक आहे. कायदा होईल तेव्हा होवो. तो फलक पाहून उद्या एखादे माणूस दारात उभे राहील, तेव्हा खोली रिकामी असेल तर ती रिकामी आहे एवढेच खरे सांगावे, इतकीच आमची विनंती आहे. आम्ही स्वतः ते तीन आठवडे उशिरा सांगितले.